आमची नावं ‘विशेष आभारां’तच का येतात?

कुठल्याही मीडिया कोर्सच्या वार्षिक स्क्रीनिंगला जा आणि फिल्म संपली की लगेच उठू नका. पडद्यावर वर सरकणारी नावं वाचा. दिग्दर्शन, पटकथा, निवेदन, छायांकन, संकलन. आडनावंही वाचा. सगळ्यात शेवटी, अक्षरं बारीक झाल्यावर आणि टाळ्या सुरू झाल्यावर, ‘विशेष आभार’ येतात. तिथे एखादा कांबळे, एखादी वाघमारे, एखादा राठोड सापडतो. बहुतेक वेळा तो याच वर्गातला, याच ग्रुपमधला असतो. वस्तीत ओळख त्याने काढून दिलेली असते, माणसं त्याने बोलती केलेली असतात, ट्रायपॉड त्याने वाहिलेला असतो. त्याच्याशिवाय ही फिल्म झालीच नसती, पण ती त्याची म्हणून ओळखली जात नाही.

मी दोन वर्षं मास कम्युनिकेशन शिकले. रेडिओ आणि टीव्ही मिळून सात प्रोजेक्ट केले. त्या अनुभवावरून मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. न्यूजरूममध्ये जातीची जी उतरंड दिसते, ती नोकरी देण्याच्या दिवशी तयार होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, कोर्समधल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये रचली जाते आणि विभाग तिला गुण देऊन मान्यता देतो.

न्यूजरूमची स्थिती आपल्याला माहीत आहे. 1996 मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायचा प्रयत्न केला. त्यांना एकही सापडला नाही आणि तसं त्यांनी ‘द पायोनियर’मध्ये लिहिलं. 2006 मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या 37 माध्यमसंस्थांमधल्या 315 निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. 2019 च्या ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या अहवालात न्यूजरूमच्या 121 नेतृत्वपदांपैकी 106 पदांवर सवर्ण होते, आणि अनुसूचित जाती-जमातींमधलं कुणीही नव्हतं. 1996 ते 2019 ही 23 वर्षं. या काळात चॅनेलं शेकड्यांनी वाढली, एफएम आलं, मोबाईल आला, मीडिया कोर्स तर जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. फक्त खुर्चीवरची जात बदलली नाही.

यावर संपादकांचं उत्तर ठरलेलं असतं: “आमची दारं उघडी आहेत हो, पण लायक उमेदवारच येत नाहीत.” हे खोटं आहे, आणि ते कसं खोटं आहे हे समजायला शोरील म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं. टीव्हीत पदवीवर नोकरी मिळत नाही, शोरीलवर मिळते. तुमचा अँकरिंगचा तुकडा, तुमची पीटीसी, तुम्ही एडिट केलेलं पॅकेज, तुमच्या आवाजातलं रेडिओ फीचर, हे सगळं जोडून दोन-तीन मिनिटांचं शोरील होतं. ते कोर्समधल्या प्रोजेक्टमधूनच तयार होतं. ज्याने दोन वर्षं अँकरिंग केलं, त्याच्याकडे अँकरिंगचं शोरील असतं. ज्याने दोन वर्षं परवानगीची पत्रं टाईप केली, त्याच्याकडे पत्रं असतात. आरक्षणामुळे आपण विद्यापीठाच्या विभागापर्यंत पोचतो, फीसुद्धा कशीबशी भरतो, पदवीही घेतो. शोरील मात्र दुसऱ्याचं तयार होतं.

हे घडतं कसं, ते बघा. पहिल्या सेमिस्टरला सर सांगतात, “पाच-पाच जणांचे ग्रुप करा. तुमचे तुम्हीच करा.” ऐकायला किती लोकशाही वाटतं! प्रवेश होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कोण कुठल्या शाळेतून आला, कोण इंग्रजीत हसतो, कोण फ्लॅटवर राहतो आणि कोण समाजकल्याणच्या वसतिगृहात, एवढीच माहिती सगळ्यांना असते, आणि तेवढ्यावर ग्रुप पडतात. मग कामं वाटली जातात. ज्याचा कॅमेरा तो कॅमेरामन. ज्याचा चांगला लॅपटॉप तो एडिटर. ज्याचं इंग्रजी बरं त्याची स्क्रिप्ट. ज्याचा ‘आवाज आहे’ तो अँकर. उरलेल्याला ‘प्रॉडक्शन’. प्रॉडक्शन म्हणजे रिक्षा ठरवणं, खुर्च्या लावणं, पाण्याच्या बाटल्या आणणं आणि लोकांना शांत राहायला सांगणं.

“पण हे तर आपापल्या कौशल्यानुसार झालं ना?” असं विचारणारे भेटतात. बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ज्यांना उत्तर दिलं, ते लोकही श्रमविभागणीचंच नाव घेऊन जातीचं समर्थन करत होते. कॅमेऱ्याचं कौशल्य कॅमेरा हातात घेतल्यावर येतं, आणि तो हातात देणं हेच तर कोर्सचं काम आहे. ज्याला घरी कॅमेरा होता त्यालाच वर्गातही कॅमेरा मिळणार असेल, तर विभागाने नेमकं काय शिकवलं?

विभागाचा कॅमेरा असतो, नाही असं नाही. आमच्याकडे चाळीस मुलांत दोन होते, तेही कपाटात. घ्यायचा तर सही करा, आणि काही बिघडलं तर भरपाई तुमच्यावर. ज्याच्या घरी महिन्याचं गणित हजार-पाचशेवर अडतं, ती मुलगी ती सही करताना दहादा विचार करते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. त्या घराने ऐंशी हजारांचा कॅमेरा घ्यावा अशी अपेक्षा कुणी उघडपणे करत नाही, पण गुणपत्रिका तशी अपेक्षा करत असते. एडिट लॅब दिवसा सीनियर अडवून ठेवतात, मोकळी होते रात्री, आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट त्याआधी बंद झालेलं असतं. मी एडिटिंग शिकले ते रविवारी सकाळी, लॅबचे मामा कुलूप उघडायला तयार झाले म्हणून.

आता आवाजाकडे येऊ, कारण रेडिओच्या प्रोजेक्टमध्ये सगळं तिथेच ठरतं. आमच्याकडे ‘आवाज व उच्चार’ यांना वेगळे गुण होते. माझं ‘पाणी’ ‘पानी’ व्हायचं, ‘कोणी’चं ‘कोनी’ व्हायचं. तेवढ्यावर निवेदनातून नाव कटायचं. बरं, मराठीच्या शुद्धतेची एवढी काळजी असती तर मी समजू शकले असते. पण माझ्याऐवजी ज्यांची निवड व्हायची त्यांच्या निवेदनात ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘लाईक’ यांची रेलचेल असायची आणि त्यावर कुणाचा आक्षेप नसायचा. इंग्रजी मिसळलेली मराठी चालते, शेतातून आलेली चालत नाही. मग हा प्रश्न शुद्धतेचा कसा राहिला?

आणि गंमत पुढे आहे. रेडिओ नाटिका करायची ठरली. त्यात एक कामवाली बाई होती. “हा रोल तूच कर, तुझं एकदम नॅचरल येतं,” असं मला सांगण्यात आलं. म्हणजे जो आवाज निवेदनाला अशुद्ध होता, तोच धुणंभांडी करायला अस्सल ठरला. जातीचं काम याहून सोपं करून कोण सांगणार?

हे फक्त मराठीत होतं असं समजू नका. दिल्ली, हैदराबाद, भोपाळकडे शिकणारे आपले मित्रमैत्रिणी विचारा. हिंदीच्या वर्गात नुक्ता आणि ‘श-स’ असतात, इंग्रजीच्या वर्गात ॲक्सेंट असतो. प्रत्येक भाषेने दारावर एकेक अक्षर पहाऱ्याला बसवलं आहे आणि ते अक्षर कुणाच्या घरात जन्मापासून बोललं जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, हे मला मान्य आहे. बातमी कळायलाच हवी. मग तेवढंच तपासा. फीचर दहा अनोळखी लोकांना ऐकवा, त्यात भाजीवाला घ्या, वॉचमन घ्या, प्राध्यापकही घ्या, आणि काय समजलं ते विचारा. त्यावर गुण द्या. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक मालमत्तेवर बोलायला एका विशिष्ट घराचा उच्चार लागतो, असा नियम कुणी केला?

बिदरपासून जवळ, तेलंगणातल्या जहीराबाद भागात, माचनूर गावातून 2008 पासून संगम रेडिओ चालला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या संघांमधल्या दलित बायकांनी तो चालवला. रेकॉर्डिंग त्यांचं, एडिटिंग त्यांचं आणि भाषाही त्यांच्या गावची तेलुगू. बियाणं, पेरणी, आजारपण, गाणी असं सगळं त्या बोलीत प्रसारित झालं आणि लोकांना समजलं. आमच्या कोर्सच्या कम्युनिटी रेडिओच्या धड्यात याचा उल्लेख एका ओळीत होता, ‘महिला सक्षमीकरणाचं उदाहरण’ म्हणून. आवाजाचे गुण कसे द्यायचे याचं उदाहरण म्हणून कुणी त्याकडे पाहिलं नाही.

टीव्हीत आवाजाच्या जोडीला चेहरा येतो. “फ्रेममध्ये चेहरा उठत नाही” हे वाक्य मी चार मुलींबद्दल ऐकलं. चौघी सावळ्या. चेहरा उठत नसेल तर लाइट वाढवा, रिफ्लेक्टर धरा, ॲपर्चर उघडा. ही पहिल्या महिन्यात शिकवायची गोष्ट आहे. आमच्याकडे लाइट तोच राहिला आणि मुलगी बदलली गेली.

यापुढचं मला सर्वांत जास्त खटकतं. आपल्याला माइकमागे बसू देत नाहीत, पण माइकपुढे आपण सतत हवे असतो. मीडिया कोर्सच्या डॉक्युमेंटरींचे विषय आठवा: सफाई कामगार, झोपडपट्टी, ऊसतोड, पारधी वस्ती, देवदासी. वर्गातल्या ज्या मुलाने आयुष्यात कधी त्या गल्लीत पाय ठेवला नाही, तो ‘वेगळा विषय’ म्हणून तिकडे जातो. वाट दाखवायला आपल्यातला एक जण सोबत घेतला जातो. “तुझी ओळख आहे ना तिथे?” ओळख म्हणजे काय, तर आपल्या आत्या, मामा, शेजारी. त्यांचा विश्वास आपण गहाण ठेवतो आणि त्यावर दुसऱ्याला ए ग्रेड मिळते.

दुसऱ्या वर्षी एका ग्रुपच्या फिल्मचं लॉगिंग माझ्याकडे आलं होतं. कुठल्या क्लिपमध्ये काय आहे ते वेळेनुसार लिहून काढायचं, असं हे काम. हेही अर्थातच ‘उरलेल्यां’चं. विषय होता सफाई कामगार. रशेसमध्ये एक माणूस चेंबरमधून बाहेर येतो, अंगावर काळा चिखल, आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो: “काका, परत एकदा उतरता का? लाइट गेला होता.” काका एक क्षण बघतात आणि परत उतरतात.

2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला बंदी घातली आहे, तो गुन्हा आहे. त्या चेंबरमध्ये विषारी वायू आहे की नाही हे पालिकेने तपासलं नव्हतं आणि ग्रुपनेही तपासलं नाही. त्यांना शॉट हवा होता. मी लॉगशीटमध्ये ते वाक्य वेळेसकट लिहिलं आणि गाइडला दाखवलं. “रिटेक तर सगळेच घेतात,” असं उत्तर मिळालं. फायनल कटमध्ये तो आवाज नाही. तिथे मागे बासरी वाजते. फिल्मला आंतरमहाविद्यालयीन महोत्सवात बक्षीस मिळालं आणि मंचावर ‘संवेदनशील हाताळणी’ हे शब्द वापरले गेले. काकांना ती फिल्म कुणी दाखवली नाही.

यात त्या मुलाची वैयक्तिक क्रूरता शोधत बसू नका. तो चांगला मुलगा होता, फुले-आंबेडकर जयंतीला पोस्टही टाकायचा. प्रश्न असा आहे की त्याला तसं करता आलं, ते ऐकूनही कुणी थांबवलं नाही आणि गुण देण्याच्या पद्धतीत त्या काकांच्या जिवाला शून्य वजन होतं.

हा प्रकार विद्यार्थ्यांपुरता नाही. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये 2002 साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’च्या दलित बायका बुंदेली बोलीत पत्रकारिता करत आल्या. त्यांच्यावरची ‘रायटिंग विथ फायर’ ही डॉक्युमेंटरी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. मार्च 2022 मध्ये खबर लहरियाने जाहीर निवेदन काढून सांगितलं की या फिल्ममधलं आमचं चित्र अर्धवट आहे आणि त्यामुळे ते चुकीचं ठरतं. वीस वर्षं स्वतः बातमीदारी केलेल्या बायकांनाही आपल्या गोष्टीचा शेवटचा कट आपल्या हातात मिळाला नाही. मग वस्तीतल्या काकांचं काय?

याची दुसरी बाजूही तितकीच जाचक आहे. दलित विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडायचा म्हटलं की त्याने दलित विषयच निवडावा अशी अपेक्षा असते. मला एकदा रेडिओ फीचर पावसाच्या आवाजांवर करायचं होतं: पत्र्यावरचा पाऊस, कौलावरचा, प्लॅस्टिकच्या कागदावरचा. “तुझ्याकडे इतके स्ट्राँग इश्यू असताना हे कशाला?” असं विचारलं गेलं. सवर्ण मुलाला आमची गटारं चालतात आणि मला पाऊस चालत नाही. आपल्या वेदनेवर हक्क त्यांचा आणि जगातल्या बाकी सगळ्या विषयांवरही हक्क त्यांचाच, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी मोडली की काय होतं हे आपण पाहिलं आहे. नागराज मंजुळे अहमदनगरला कम्युनिकेशन स्टडीज शिकत होते तेव्हाची त्यांची शॉर्ट फिल्म म्हणजे ‘पिस्तुल्या’. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आला. लोक याला प्रतिभा म्हणतात, आणि ती आहेच. पण त्याच्या जोडीला एक साधी गोष्ट घडली होती: निर्णय घेण्याची जागा त्या विद्यार्थ्याकडे होती. आपल्यातल्या किती जणांच्या प्रतिभेचं पुढे काय झालं असतं, हे त्यांच्या हातात ट्रायपॉडच्या पुढे काही आलंच नाही म्हणून कधी कळणार नाही.

आणि माध्यमं आपल्याला नवीन आहेत असा जो समज वर्गात पसरवला जातो, तोही मोडायला हवा. 23 जुलै 1927 ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं प्रसारण सुरू झालं, हे आम्हाला परीक्षेला होतं. त्याच वर्षी 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं, हे नव्हतं. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला, हे माध्यमनीतीच्या पेपरमध्ये यायला हवं होतं. आंबेडकरी जलसे, वामनदादांची गाणी, वस्तीवस्तीत वाजलेल्या भीमगीतांच्या कॅसेट, ही ध्वनिमाध्यमाची केवढी मोठी परंपरा आहे! आवाज लोकांपर्यंत कसा पोचवायचा हे ज्या समाजाला स्टुडिओ नसताना जमलं, त्याच्या मुलांना ‘आवाज नाही’ म्हणून बाजूला बसवलं जातं.

शेवटी सगळे बाजाराकडे बोट दाखवतात. “चॅनेलला असंच लागतं, आम्ही काय करणार?” विद्यापीठ जर बाजाराची आवड जशीच्या तशी शिकवणार असेल, तर सरकारी पैशावर ते चालवायचं कशाला? चॅनेलनेच आपली शाळा काढावी.

म्हणून आपल्या मागण्या ठोस असल्या पाहिजेत. ग्रुप चिठ्ठ्या टाकून करा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांत दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन आणि निवेदन ही चारही कामं निदान एकदा केलीच पाहिजेत, त्याशिवाय गुणपत्रिका नको. प्रोजेक्ट विभागाच्याच उपकरणांवर व्हावेत, खासगी कॅमेऱ्याला बंदी असावी आणि बिघाडाचा खर्च विभागाने सोसावा. उच्चाराचे गुण काढून आकलनाचे गुण ठेवा. फिल्म महोत्सवाला जाण्याआधी ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवा, त्यांचा नकार हा नकार माना. आणि गुण देणारा माणूस एकटा नको. 2007 मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल सुखदेव थोरात समितीपुढे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांमधल्या भेदभावाच्या तक्रारी मांडल्या होत्या. लेखी पेपरवर निदान नंबर असतो. आमचा प्रोजेक्ट म्हणजे पूर्णच प्रात्यक्षिक, नावासकट, चेहऱ्यासकट, आवाजासकट.

हे मागायला आधार आहे. यूजीसीच्या 2012 च्या समतेविषयीच्या नियमांनुसार संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपल्या संस्थेत तो कोण आहे, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तेही जपून ठेवा.

आणि घरातले पहिले पदवीधर म्हणून जे या वर्षी अशा कोर्सला बसले आहेत, त्यांना मोठी बहीण म्हणून दोन गोष्टी सांगते. मोबाईलवर शूट करा, ऑडॅसिटी फुकट आहे, त्यावर आवाज कापायला शिका, पण ‘मोबाईल आहे ना तुझ्याकडे’ म्हणून विभागाला सुटू देऊ नका. प्रत्येक शूटच्या दिवशी वहीत लिहा: आज कुणी काय केलं. सगळ्यांच्या सह्या घ्या. गुणांच्या वेळी ती वही टेबलावर ठेवा. तुमच्या वस्तीची ओळख कुणी मागितली तर बदल्यात दिग्दर्शनात नाव मागा, आणि ते ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पहिलंच प्रोजेक्ट जाहीर होईल त्या दिवशी हात वर करून विचारा, “सर, या सेमिस्टरला कॅमेरा माझ्या हातात कुठल्या तारखेला येणार?”

तारीख मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.

जय भीम.